एका नेसण्यात दोन कामं

मोठ्या आईच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, मलमलच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली एक पिस्ता रंगाची रेशमी साडी असायची. अंगभर साधी, बारीक सोनेरी काठ, पदरावर थोडी जर. आमच्या घरातल्या मुली पाहुण्यांना ह्याच साडीत दाखवल्या जात. आधी धाकटी आत्या, मग मोठ्या आईच्या स्वतःच्या दोघी मुली. तिघीही पहिल्याच खेपेला पसंत पडल्या आणि श्रेय साडीला मिळालं. ह्या रंगात कातडी उजळ दिसते, असं मोठ्या आईचं शास्त्र होतं. दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या मुलींसाठी ती साडी मागायला येत आणि साडी कपाटात असताना मोठी आई त्यांना 'ड्रायक्लीनला टाकली आहे' असं बेधडक सांगे.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, बाबा तहसील कचेरीत कारकून, आणि घर एकत्र. घर चालवायची ती. माझी आई तिच्यासमोर आवाज चढवत नसे. चढवला असता तर तो कसा ऐकू आला असता, हे मला आजही ठाऊक नाही. बाबा भावाच्या शब्दाबाहेर नव्हते आणि काका बायकोच्या. त्यामुळे माझ्याबद्दलचे बरेचसे निर्णय त्या लोखंडी कपाटासमोर उभं राहून झाले.

मी बी.कॉम. झाले आणि माझी पाळी आली. मला त्या साडीत तीनदा दाखवलं. पहिले दोन नकार पत्रिकेवर ढकलले गेले. तिसरे पाहुणे दिग्रसचे. मुलाच्या मावशीनं मला शेजारी बसवून घेतलं, माझा हात हातात घेतला, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता माझ्या मनगटावरच्या बांगड्या वर सरकवून खालचा रंग बघितला. दुकानात कापड घेताना बायका ते उलटं करून बघतात, तसा. मी तिच्याकडे बघत राहिले. मोठ्या आईनंही ते पाहिलं, आणि पाहून काय म्हणाली? "उन्हात लय फिरते न बाप्पा ही. घरात राह्यली का उजळते."

थोड्या दिवसांनी निरोप आला. मुलगी बरी आहे, पण रंग जरा दबका वाटला. साडी मात्र फार सुंदर होती, कुठून घेतली ते विचारा.

हा निरोप मोठ्या आईनं स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितला. मी पोळ्या लाटत होते. "तीन पोरी उजवल्या या साडीनं," ती म्हणाली. "हिनं नाव घालवलं तिचं." आणि मग तिनं जे केलं ते मी अजून कुणाला सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. तिनं साडी पलंगावर पसरली, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या आणि साडीची दृष्ट काढली. माझी नाही. साडीची. माझं जे काही वाईट तिला लागलं असेल ते उतरावं म्हणून. आई भांडी घासायच्या निमित्तानं मागच्या अंगणात निघून गेली.

मला शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते. घरात कोण कुणाला बोलत नाही? पण ती मूठ साडीवरून फिरताना पाहिली आणि माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. ह्या बाईचं उट्टं काढायचं. कसं ते माहीत नव्हतं. पण काढायचं, आणि असं की तिला ते गिळावं लागेल.

त्याच वर्षी मी ग्रामीण व्यवस्थापनाच्या एका अभ्यासक्रमाची परीक्षा दिली होती. कॉलेज दूर, दुसऱ्या राज्यात. लेखी परीक्षेत नाव लागलं आणि मुलाखतीचा मेल आला, मुलाखत नागपूरला. घरात बैठक झाली. काकांसमोर, मोठ्या आईसमोर बाबांनी शब्द दिला. "नंबर लागला तं जाजो. मी अडवणार नाही. पण नाही लागला, तं पुढच्या पाहुण्याले तू नाही म्हणायचं नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? म्हणजे माझं सगळं त्या एका दिवसावर आलं. आत तीन माणसं बसणार, आणि त्यांना मी पटले नाही तर त्यापुढे जो कुणी पहिला येईल त्याच्या घरी मी जन्मभर पोळ्या लाटणार.

मेलमध्ये लिहिलं होतं, औपचारिक पोशाखात यावं. आमच्या घरात ह्या दोन शब्दांनी जो धुमाकूळ घातला तो लेखी परीक्षेनंही घातला नव्हता. औपचारिक म्हणजे काय? काका म्हणाले, राष्ट्रध्वजाला सलामी द्यायला जातो तसं. बाबा म्हणाले, स्वच्छ. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीनं फोनवर सांगितलं, काळी पॅन्ट, पांढरा शर्ट आणि ब्लेझर, दुसरं काही घालूच नको, ते लोक गावठी समजतात. मी आईला घेऊन यवतमाळला गेले. दुकानदारानं लेडीज ब्लेझर म्हणून जे काढलं ते खांद्यावरून निसटत होतं आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या. शर्ट छातीवर ताणला जाऊन दोन बटणांच्या मध्ये फट पडायची. दुकानदार म्हणाला, आतून पिन मारा. मी शर्ट इन करून आरशासमोर उभी राहिले. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तोंडावर पदर धरला आणि ती हसायला लागली. "माय वं," ती म्हणाली, "वरातीतल्या बँडवाल्यासारखी दिसून राह्यली." मलाही हसू आलं. आम्ही दोघी त्या दुकानात भिंतीला टेकून हसलो. शेवटी नुसती काळी पॅन्ट घेतली, कारण ती एकटी बरी बसत होती.

घरी आलो तर निर्णय झालेला होता. मोठी आई कपाटासमोर उभी होती आणि तिच्या हातात मलमलची ओढणी.

"पिस्ता नेसजो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मोठी आई, ती दाखवायची साडी आहे. हा इंटरव्ह्यू आहे."

"इंटरव्ह्यू म्हणजे काय वं? दाखवणंच न ते. चार माणसं बसतात, पोरगी पाहतात, काय येते ते इचारतात, अन् घरी जाऊन सांगतात. कायले घाबरून राह्यली? तुले तं सवय आहे."

मला राग कशाचा आला असेल तर ह्याचा, की तिचं वर्णन चुकीचं नव्हतं.

मग तालीम सुरू झाली. अंगणात खुर्ची टाकून काकांना निवड समिती केलं. मी दारातून यायचं. मोठी आई बाजूला उभी राहून सूचना करायची. मान खाली ठेवजो. पहिले सगळ्यांच्या पाया पडजो, वयानं मोठे असतील न ते. इचारलं तेवढंच सांगजो, आपल्या मनचं जोडू नको. पाणी देल्लं तं अर्धंच पेजो, सगळं पेलं का हावरट वाटते. आवड इचारली तं स्वयंपाक अन् शिवण सांगजो. काका बिचारे खुर्चीत बसून विचारत, "मग, बेटा, पुरणपोळी येते काय?" समितीनं विचारण्यासारखं त्यांना दुसरं सुचत नव्हतं. मी मान खाली घालून "येते" म्हणायची. विनोद वाटेल. पण असं चार-सहा वेळा केल्यावर माझे हात आपोआप गुडघ्यांवर जाऊन बसायला लागले, आणि मला भीती वाटायला लागली की मी तिथंही अशीच बसेन.

आणि मग एके दुपारी, भाजी निवडता निवडता, तिनं उरलेलं सांगितलं. नागपूरला तिची बहीण राहते. बहिणीच्या शेजारच्या ओळखीतलं एक स्थळ आहे, मुलगा बँकेत. इंटरव्ह्यू संपला की बाबांबरोबर तिथं यायचं, चहाच्या वेळेला ते लोक येतील. "नेसलेली राहशीलच तू," ती म्हणाली. "एका नेसण्यात दोन कामं."

मी बाबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

"निकाल तरी लागू द्या," मी म्हटलं.

"निकाल लागेपर्यंत पाहुणे थांबतात काय? अन् लागणार काय आहे?"

ती भेंडीची टोकं खुडत हे म्हणाली, सहज, पाऊस येणार नाही आज असं म्हणावं तसं. त्या क्षणी मला कळलं की माझं उट्टं कसं निघणार आहे. ते माझ्यासमोर मलमलमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं.

नशीब असं की नागपूरच्या बहिणीच्या नातवाचं बारसं त्याच आठवड्यात निघालं. मोठी आई आधीच तिकडे जाणार होती. जाताना तिनं साडी माझ्या स्वाधीन केली. निऱ्या किती रुंद घ्यायच्या, पदराला पिन कुठं लावायची, बसमध्ये खिडकीशी बसायचं नाही, सगळं दोनदोनदा सांगितलं. तिच्या जन्मात तिनं ती साडी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिली होती. मी दोन्ही हातांनी घेतली.

जवळच्याच बोरी अरब गावात माझी कॉलेजातली मैत्रीण राहायची. तिच्याकडे पायानं चालवायची जुनी शिलाई मशीन होती. मी साडी पिशवीत घालून, मुलाखतीची तयारी करायला जाते असं आईला सांगून तिच्याकडे गेले. हे खोटं नव्हतं.

शिवण मला उत्तम येतं. मोठ्या आईनंच मला शिवण क्लासला घातलं होतं, लग्नाच्या बायोडाट्यात लिहायला एक ओळ हवी म्हणून. तिला ओळ मिळाली आणि मला हात मिळाला. मैत्रिणीनं साडी पाहिली आणि ती म्हणाली, "ही तं तुमची ती आहे न? पागल झाली काय? काहून कापून राह्यली?" मी म्हटलं, "तू फक्त धर." ओसरीवर चटई टाकून आम्ही साडी उलगडली. दुपारचं ऊन त्या रेशमावर पडलं होतं आणि खरं सांगायचं तर रंग सुंदर होता. दिग्रसच्या बाई चुकीचं बोलल्या नव्हत्या.

मी आधी पदर कापला. लोक म्हणतात, अशा वेळी हात थरथरतो. माझा थरथरला नाही. कात्री कडेकडेनं सरळ गेली आणि रेशीम कापताना जो बारीक करकर आवाज येतो तो ऐकून मला इतका आनंद झाला की मी मध्येच थांबून पाणी प्यायले. पूर्ण ग्लास. गुडघ्याखाली येणारा कुर्ता, बंद गळा, पाऊण बाह्या. काठ मी बाह्यांच्या टोकांना आणि गळ्याच्या पट्टीला लावला. काठ झाकायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण मग कशाला कापायची? ती साडी तीच आहे हे लांबून ओळखू यायला हवं होतं. उरलेल्या कापडाच्या मैत्रिणीनं उशांच्या खोळी शिवल्या.

मुलाखतीच्या दिवशी पहाटे मी कुर्ता आणि काळी पॅन्ट इस्त्रीच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. परत आले तर आई तिथं उभी. कुर्ता तिच्या हातात होता आणि ती बाहीचा काठ अंगठ्यानं चाचपत होती. मी दारातच थांबले. आता ही रडेल, किंवा बाबांना हाक मारेल, किंवा दोन्ही. तिनं बाही उलटी करून आतली शिवण पाहिली.

"काठ सरळ लावला," ती म्हणाली. आणि तिनं इस्त्री गरम आहे का ते बोटाला थुंकी लावून पाहिलं आणि स्वतः कुर्त्याला इस्त्री केली.

बाबांना काहीच कळलं नाही. ही साडी त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या अंगावर पाहिली होती, पुतण्यांच्या, माझ्या. एस.टी.त माझ्या शेजारी बसून ते म्हणाले, "हे बरं केलं, ड्रेस घातला. साडी चुरगळली असती." मी म्हटलं, "हो न." यवतमाळ गेलं, वाटेतली गावं गेली, बाबा झोपले, आणि मी खिडकीशी बसून राहिले.

मुलाखतीला बाहेर बाकावर जे बसले होते त्यांत मुलगे सगळे टायमध्ये, आणि मुली जवळपास सगळ्या काळी पॅन्ट, पांढरा शर्ट, ब्लेझर अशा. एकीच्या बटणांच्या मध्ये पिन मला दिसली. मी तिच्याकडे बघून हसले. ती बिचारी घाबरली.

आत दोन पुरुष आणि एक बाई. मी बसले, आणि अंगणातली तालीम माझ्या अंगात आलीच. हात गुडघ्यांवर, मान खाली. टेबलाच्या कडेचा सोललेला सनमायका मला आजही आठवतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यालाच दिलं. दुसऱ्या प्रश्नाला बाई म्हणाल्या, "जरा वर बघून बोलाल का?"

मला राग आला. त्यांचा नाही. मी इथवर आले, कात्री चालवली, आणि अजून मोठी आईच माझी मान धरून बसली आहे, ह्याचा. मी मान वर केली आणि मग ती खाली गेली नाही. दारव्ह्याच्या आठवडी बाजाराबद्दल विचारलं, बचत गटांबद्दल विचारलं, बायका कर्ज फेडतात आणि पुरुष फेडत नाहीत असं का, हे विचारलं. मी बोलले. मनचंही जोडलं. एकदा तर मधल्या सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलले.

शेवटी बाई म्हणाल्या, "तुमचा कुर्ता फार छान आहे. कुठून घेतला?"

"मीच शिवला."

"कापड?"

"साडीचं. घरची साडी होती, मी कापली."

"घरच्यांना चाललं?"

"अजून माहीत नाही त्यांना," मी म्हटलं. "आज संध्याकाळी कळेल."

तिघंही हसली. मीही हसले. पण बाईंनी हसता हसता माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मोठ्या आईच्या बहिणीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना माझे पाय जड झाले असतील असं तुम्हाला वाटेल. मी दोन-दोन पायऱ्या चढले. बाबा मागे राहिले. दार मोठ्या आईनंच उघडलं. पाहुणे आधीच आलेले होते, तिच्या पाठीमागे सोफ्यावर बसलेले. तिचं तोंड दारासाठी हसरं केलेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून खाली पाहिलं, आणि तिची नजर बाहीवर येऊन थांबली.

मी तो चेहरा किती वेळा आठवला आहे! वाईट दिवसांत आठवला आहे, तापात आठवला आहे. हसू तसंच राहिलं आणि आतलं सगळं निघून गेलं. तिला ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. माझे कान धरायचे होते आणि धरता येत नव्हते. सोफ्यावर मुलगा, मुलाची आई, मुलाचे वडील. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "ये बेटा. दमली असशील."

मी सगळ्यांना उभ्यानंच नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मुलाची आई बोलकी होती. दोन वाक्यं झाली नाहीत तोच ती म्हणाली, "ड्रेस किती सुंदर आहे हा! रेडिमेड?"

"नाही. मोठ्या आईची रेशमी साडी होती," मी म्हटलं. "फार जपलेली. त्यांनीच काढून दिली. मला म्हणाल्या, तुझ्या इंटरव्ह्यूपेक्षा साडी मोठी आहे काय?"

"हो का!" बाई मोठ्या आईकडे वळल्या. "मोठं मन आहे हो तुमचं. आमच्यानं नसती देववली."

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला. कप खळखळले.

"पोरीची हौस," मोठी आई म्हणाली. "आपण नाही करणार तं कोण करणार?"

मी पोह्यांची बशी उचलली आणि सगळे पोहे संपवले. पाणीही सगळं प्यायले. मुलाच्या आईनं नमुना पाहिजे म्हणून माझा नंबर घेतला आणि तिथल्या तिथं मला मेसेज करून आपला दिला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याच दिवशी, आम्ही अजून दारव्ह्याला पोचलो नव्हतो, तर त्यांचा होकार आला. मुलगी पसंत. मोठी आई बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. फोन आला आणि ती उजळली. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "कापली, चिंधड्या केल्या, तरी साडीनं आपला गुण सोडला नाही. चवथी पोरगी उजवली तिनं." माझा सूड तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पदरात टाकला. मी त्या दिवशी जेवले नाही. कधी नव्हे ते मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

घर बदललं. काका माझ्याशी लग्न ठरलेल्या मुलीशी बोलावं तसं बोलायला लागले. बाबा म्हणू लागले की स्थळ चांगलं आहे, त्यांची शिकू द्यायची तयारी आहे, लग्नानंतरही शिकता येते. मी त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "लागू तं दे नंबर." लागू तर दे, ह्यात त्यांची सगळी आशा होती, आणि माझीही.

नंबर लागला. मेल मी तीनदा वाचला आणि मग बाबांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुम्ही शब्द देल्ला होता." इतक्या वर्षांत तिनं काकांच्या आणि मोठ्या आईच्या समोर बाबांना ऐकवलेलं ते पहिलं वाक्य असावं. बाबा म्हणाले, "देल्ला होता. जाऊ द्या तिले."

राहिला नकार कळवायचा प्रश्न. आमच्याकडे स्थळ ज्यानं आणलं त्यानंच हो-नाही कळवायचं, आणि स्थळ मोठ्या आईनं आणलं होतं. ती पलंगावर बसून डोकं दाबत होती. म्हणाली, पत्रिका जुळली नाही म्हणते. किंवा म्हणते, पोरीचं शिक्षण आहे, दोन वर्षं थांबा. किंवा काका आजारी आहेत म्हणते.

"नाही," मी म्हटलं. "सांगा, मुलीला मुलगा पसंत नाही."

तिनं डोक्यावरचा हात काढला. "असं सांगतात काय वं कोणी? पोरीकडून?"

"मी सांगते मग. त्यांच्या आईचा नंबर आहे माझ्याकडे. कुर्त्याचा नमुना पाठवायचाच आहे. कापड कुठून आलं ते नीट सांगते, आणि त्या साडीत तुम्ही मला किती वेळा दाखवलं तेही सांगते."

मी काय बोलेन ह्याचा तिला भरवसा नव्हता, आणि तो नसावा ह्याची मी व्यवस्था केली होती. तिनं आधी आईकडे पाहिलं. आई कणीक मळत होती. बाबांकडे पाहिलं, ते उठून बाहेर गेले. मग तिनं बहिणीला फोन लावला आणि मी हात लांब करून स्पीकर सुरू केला.

"ऐक न," मोठी आई म्हणाली. "त्या लोकायले नाही सांगजो."

"नाही? काहून? काय झालं?"

मोठी आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. मला तिची दया यायला हवी होती, असं नंतर आईसुद्धा म्हणाली. नाही आली.

"पोरीले पसंत नाही," मोठी आई म्हणाली.

पलीकडून बहीण म्हणाली, "पोरीनं नाही म्हटलं? पोरीनं?"

"हाव."

"अन् तुम्ही सगळे काय करून राह्यले होते तिथं?"

मोठ्या आईनं फोन बंद केला आणि पलंगावर उलटा ठेवला. तिचे ओठ बारीक झाले होते आणि एकाएकी ती मला फार म्हातारी दिसली.

"झालं?" ती म्हणाली. "झालं मन शांत?"

ह्या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं असतं ते मला ठाऊक आहे. द्वेषानं कुणाचं भलं होत नाही, माणूस आतून जळतो, वगैरे. मी खरं तेच सांगितलं. झालं, म्हटलं. मग स्वयंपाकघरात गेले, आईशेजारी पाट ओढून बसले, आणि तव्यावरून उतरणाऱ्या गरम पोळ्या, तूप लावून, पोट भरेपर्यंत खाल्ल्या.